वेशीआतला सूर

सप्ताहातली वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी सप्ताह चालू असताना देवळात डोकावलं, तर दिवसा-रात्री केव्हाही कुणीतरी वीणा गळ्यात घालून उभं दिसतं. पहाऱ्यांची यादी भिंतीवर चिकटवलेली असते. चैत्रातला सप्ताह असेल तर दुपारच्या पहाऱ्याला येणारा गडी हळद शिजवायच्या कामातून उठून आलेला असतो. हातपाय स्वच्छ धुतलेले, पण नखांच्या कडा पिवळ्या. तो आधीच्या वीणेकऱ्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो आणि तार छेडायला लागतो. तार जुळवायची असते हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. पण ते काम आपलं नव्हे, असं तो धरून चालतो, आणि दुसऱ्याही कुणाचं ते नसतं. पेटी काळी चारमध्ये, वीणा तिच्या जरा खाली, आणि दोन्हींच्या मध्ये बोट शिरेल एवढी फट. सात दिवस, सात रात्री ती फट गावाच्या कानात वाजत राहते.

आळंदीला शिकून आलेल्या तरुण गायनाचार्यांना पहिल्या रात्री तिचा त्रास होतो. जोग महाराजांनी 1917 साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून आळंदीत राहून शिकण्याची वाट रुळली. मुलं स्वर, ताल, पाठांतर पक्कं करून परततात. गाव त्यांना पुढे बसवतं, मान देतं, पाकीट देतं. पहिल्या दिवशी या मुलाचा हात एक-दोनदा वीणेच्या खुंटीकडे जातो. चौथ्या दिवशी जात नाही. गाव त्याच्याकडे सरकत नाही, तोच गावाकडे सरकतो. सप्ताहातली मला सगळ्यात आवडणारी घटना ती. काल्याच्या कीर्तनाहूनही.

न शिकलेल्या, वाकड्यातिकड्या गाण्याची ओढ का वाटते, याचं आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: सूर नसेना का, भाव आहे. हे उत्तर मला लबाड वाटतं. भाव भीमसेन जोशींच्या अभंगातही आहे, तिथे सूर काही आडवा येत नाही. आणि भावाने ओथंबलेली कितीतरी भजनं जीव नकोसा करतात. भोंग्याचं तोंड आपल्या घराकडे असेल तर बोलायलाच नको. न शिकलेलं गाणं बहुतेक वेळा कंटाळवाणंच असतं, शिकलेलंही असतं. प्रश्न उरलेल्या थोड्या गाण्यांचा आहे, जी ऐकताना आधी हसू येतं, मग हसू थांबतं, आणि आपण तिथेच बसून राहतो.

अमेरिकेत अशा गाण्यांना नाव मिळालं, आउटसायडर म्युझिक. आयर्विन च्युसिड या रेडिओवाल्याने 2000 साली त्यावर ‘साँग्स इन द की ऑफ झी’ हे पुस्तकच लिहिलं. या गोतावळ्यातलं सगळ्यात गाजलेलं घर म्हणजे विगिन बहिणींचं. न्यू हॅम्पशर राज्यातलं फ्रीमाँट हे लहानसं गाव. बापाच्या आईला हात बघता यायचा. तिने भाकीत केलं होतं की तुझ्या पोरी गाण्यात नाव काढतील. बापाने ते मनावर घेतलं, मुलींना शाळेतून काढलं, गिटारी आणि ड्रम आणून दिले, रोजचा रियाज लावला. 1969 मध्ये पदरचे पैसे घालून ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’ ही त्यांची तबकडी काढली. बँडचं नाव द शॅग्ज. ऐकलं तर पहिल्यांदा वाटतं, तिघी तीन खोल्यांत बसून तीन वेगळी गाणी वाजवत असाव्यात. गिटार शब्दांच्या मागे फरफटत जाते, ड्रम स्वतःच्याच विचारात असतो. 1975 साली बाप गेला आणि बँड तिथेच संपला. भाकीत खरं करायची हौस त्याची होती, मुलींची नव्हती. पुढे कर्ट कोबेनसारख्या रॉक गायकाने आपल्या आवडत्या तबकड्यांच्या यादीत त्यांच्या तबकडीला बरंच वर बसवलं.

त्या ध्वनिमुद्रणाची एक हकीकत सांगतात. काचेपलीकडे तंत्रज्ञ हसू दाबून बसलेले, आणि इकडे मुली वाजवता वाजवता मधेच थांबायच्या. का? तर एकीचं चुकलं म्हणून. तंत्रज्ञांना कळेना, यात चुकलं म्हणजे नेमकं काय, आणि आतापर्यंत बरोबर होतं ते कुठलं! मग त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

मला या हकीकतीत सगळं सापडतं. त्या बहिणींचं गाणं बेबंद नव्हतं. त्याला कायदा होता, फक्त तो त्या घराच्या उंबऱ्याबाहेर लागू नव्हता. असं गाणं आपल्याला धरून ठेवतं ते त्या कायद्याच्या चाहुलीमुळे. इथे काहीतरी नेमकं चाललंय, चूक आणि बरोबर यांत फरक केला जातोय, आणि तो फरक आपल्याला कळत नाही. नुसत्या गोंधळाला ही ओढ नसते.

आमच्याकडच्या भजनी मंडळात बसलं की हे पदोपदी दिसतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापलेला असतो. तो किती ओला, किती जाड, हे वाजवणारा बोटाने दाबून ठरवतो, मधेच तांब्यातलं पाणी लावतो. कणीक सुकली की घुमारा जातो. उजव्या बाजूचे गठ्ठे हातोडीने ठोकून चढवतो, पण चढवून चढवून जिथे थांबतो ती जागा पेटीवर कुठेही नसते. पेटीच्या एका पट्टीचा आवाज येत नाही. वाजवणारे आप्पा ती पट्टी आली की बोट तसंच टेकवतात आणि तो सूर तोंडाने भरून काढतात. वीस वर्षांच्या सवयीने मागचे टाळकरीही तिथे आवाज चढवतात. परगावचा माणूस म्हणेल, सगळाच आनंद आहे. पण अभंगाचं दुसरं कडवं संपताना कुणी धृपद अर्ध्या मात्रेने लवकर उचललं, की सगळ्यांच्या माना एकदम वळतात.

“कामून घाई करायलास रे?”

“घाई नाई बुवा, टाळच पुढं गेला.”

“टाळ जात नसतो. माणूस जातो.”

हा कायदा वहीत नाही. तो त्या पारावर, त्या बारा-पंधरा माणसांत राहतो, आणि त्यातलं एक माणूस गेलं की त्याचं एखादं कलम कायमचं गळतं.

पेटीचंही नवल वाटतं. युरोपातून आलेलं हे वाद्य; शास्त्रीय संगीतातल्या शहाण्यांनी तिला बरीच वर्षं उंबऱ्यावर उभं केलं होतं. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे आक्षेप खरेच होते. 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. त्या एकतीस वर्षांत खेड्यापाड्यांतल्या पेट्यांना या बंदीची खबरही नव्हती. लग्नात वाजणाऱ्या बँजोचं गोत्र तर थेट जपानला जातं: 1912 साली नागोयात निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याला टंकयंत्रासारखी बटणं होती. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि पुढे त्याला वीज व कर्णे जोडून आपल्या पोरांनी नवरदेवापुढे काय काय वाजवलं ते तुम्ही ऐकलंच आहे. नागोयाच्या कारागिराने कानावर हात ठेवले असते.

या विषयावर हिंगोली जिल्ह्यातून लिहायचं आणि नामदेवांना टाळायचं, हे होण्यासारखं नाही. नर्सी हे त्यांचं जन्मगाव म्हणून आम्ही मानतो, कयाधूकाठचं. हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग पडतात त्या यार्डालाही त्यांचंच नाव आहे. पण मला इथे हवी आहे ती मडक्याची गोष्ट. तेरला गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईने विचारलं, यातलं पक्कं मडकं कोणतं, कच्चं कोणतं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र कळवळून उठले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

कीर्तनकार या गोष्टीतून गुरूची महती सांगतात. गोष्ट आहेच त्यासाठी. पण कुंभाराची परीक्षा ही शेवटी कानाची परीक्षा. भाजलेलं मडकं वाजवलं की ठरलेला टणक आवाज देतं, आणि पक्की मडकी सगळी सारखीच वाजतात. त्या रात्री तेरला स्वतःचा असा आवाज काढला तो एकाच मडक्याने. मग नामदेव गुरू शोधत आले ते आमच्या औंढ्याला, विसोबा खेचरांकडे. पक्के झाले म्हणतात. झाले असतील, पण त्यांच्या अभंगांतला हट्ट, लाड, रुसवा बघता भट्टीने फार बिघडवलं असं वाटत नाही.

औंढ्याची दुसरी गोष्ट शाळकरी पोरालाही पाठ असते. नागनाथापुढे नामदेव कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला लावलं. ते देवळाच्या पाठीमागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरलं. पुरावा म्हणून आजही नंदी मागच्या बाजूला दाखवतात. हाकललं ते जातीपायी. सुराची तक्रार कुणी केली नव्हती. पण आपल्याकडे बेसूर कोण, हे पुष्कळदा जात आधी सांगते आणि कान मागून मान डोलावतो. हलगी वाजल्याशिवाय गावात ना लग्न लागायचं ना मयत उठायची. पण हलगीवाल्याची जागा देवळाच्या पायरीखाली, आणि त्याच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या हिशेबाला कुणी विद्या म्हटलं नाही. ‘न शिकलेला’ हा शब्द अशा वेळी जपून वापरावा. बापाच्या मांडीवर बसून सहाव्या वर्षी हलगी शेकायला शिकलेलं पोर न शिकलेलं कसं?

नामदेवांचं पुढे काय झालं ते मजेशीर आहे. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि तो ग्रंथ बहुतांशी रागांप्रमाणे मांडलेला आहे. म्हणजे देवळामागे पाठवलेल्या शिंप्याचे शब्द आज तोडी, धनाश्री, मल्हार, सारंग अशा मथळ्यांखाली बसले आहेत आणि अमृतसरला रोज गायले जाऊ शकतात. बाहेरच्याला आत घेताना त्याला आधी घडी घालून कपाटात ठेवतात, ही जगाची रीतच. मला याचं वाईट वाटत नाही. फक्त औंढ्याच्या देवळामागे ते पहिल्यांदा गायले, तेव्हा चाल कोणती होती, एवढं ऐकायला मिळायला हवं होतं.

कपाटाबाहेर राहिलेलं गाणंही आहे. लोककवी वामनदादा कर्डकांना लिहिणं-वाचणं मोठेपणी आलं आणि त्यांनी हजारो गाणी रचली. भीमजयंतीला आमच्या जिल्ह्यात जी गाणी गल्लोगल्ली ऐकू येतात, त्यांतला किती भाग त्यांचा, हे गाणाऱ्यांनाही सांगता येत नाही. अलीकडे छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गात मोबाइलवरून घराघरांत पोचल्या. त्यांचा आवाज पहिल्या ओळीला घासल्यासारखा वाटतो, दुसऱ्या ओळीला आपण तो घासच ऐकू लागतो. नंतर त्याच गाण्यांना कीबोर्ड आणि ढोलक्यांची साथ चढवलेली रूपं आली. ती मी पूर्ण ऐकत नाही. एका तारेवर बाई जेवढी जागा मोकळी सोडते, तेवढ्या जागेत ते लोक आठ वाद्यं बसवतात.

मोकळ्या जागेचं निघालं, तर आता आजीबद्दल. आमची आजी गाणारी नव्हती. तिला गा म्हटलं तर ती गालात हसायची आणि कामाला लागायची. पण जात्याचा खुंटा हातात आला की ओवी आपोआप यायची. समोर चुलती बसायची. दोघींचे हात एकाच खुंट्यावर, एकीने ओढायचं, दुसरीने लोटायचं, मधेच डाव्या हाताने मूठभर जोंधळे तोंडात सोडायचे. चाल तीन-चार सुरांच्या पलीकडे जायची नाही. मला विचित्र वाटायचं ते श्वासाचं. आजी ओळ संपल्यावर श्वास घ्यायची नाही, शब्दाच्या ऐन मध्यात घ्यायची. ‘माहेर’ म्हणताना ‘मा’ एकीकडे, ‘हेर’ पुढच्या फेऱ्यात. लहानपणी वाटे, आजी दमते म्हणून. पण ती तिथेच थांबायची, रोज, आणि समोरची चुलतीही त्याच अक्षरावर थांबायची. श्वास दगडाचा होता. वरची पाळ जिथे जड जाते, हात छातीपासून लांब जाऊन परत वळतो, तिथे गळा बंद होतो. शब्दाने आपलं तो बघून घ्यावं.

संगीतशाळेत पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की श्वास कळता कामा नये. आजीच्या ओवीत श्वास हाच ताल होता. संशोधक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; त्या छापून आल्या की वाचताना ओळी कशा गुळगुळीत वाटतात, आणि ध्वनिमुद्रण लावलं की शब्द मधोमध तुटतात. मी दोन्हींपुढे बसलो आहे. माझं मत ध्वनिमुद्रणाच्या बाजूने.

तरी जात्याचं कौतुक बेतानेच करावं. गावात विजेची गिरणी आली तेव्हा आजीने जातं पडवीत सरकवलं आणि पुन्हा त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पहाटे तीनला उठून दळणं ही काही कला नव्हती. जात्याबरोबर ओवीही गेली, याची हळहळ आम्हाला, दळण डोक्यावर न घेणाऱ्यांना. आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, “बरं झालं माय, हात तरी राहिले.”

जाता जाता एक, कानाचंच. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. 2023 साली केंद्र सरकारने सुमारे 2,600 कोटींचा खर्च मंजूर केला. काटकोनात चार-चार किलोमीटर लांब दोन नळ्या, आणि त्यांतून अवकाशातल्या गुरुत्वलहरी टिपायच्या. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळल्याची ती खूण ध्वनीत उतरवली तेव्हा सेकंदाच्या अंशात खालून वर चढणारी एक चिवचिव निघाली. सुमारे 130 कोटी वर्षं वाट चालून आलेली. एवढ्या नाजूक यंत्राला दूरच्या ट्रकची धडधडही सोसत नाही, ती ओळखून बाजूला काढावी लागते. आमच्या पंचक्रोशीतले सप्ताह, पखवाज, वरातीतले बँजो या सगळ्याची नोंद तिथे गोंगाट म्हणूनच होणार. होवो. गुरुत्वलहरींना कणीक लावता येत नाही.

सप्ताहात रात्री कीर्तन आटोपलं की जागर असतो. शेजारच्या गावची मंडळं ट्रॅक्टरने येतात, आपापले टाळ पिशव्यांत बांधून. मांडवात दोन रांगा समोरासमोर बसतात. अभंग दोघांचाही तोच, नामदेवांचा किंवा तुकोबांचा. चाल मात्र दोन गावांच्या मध्ये जे चार किलोमीटरचं अंतर, तेवढी वेगळी. आमचे बुवा जिथे सूर लांबवतात तिथे त्यांचे बुवा श्वास घेतात. त्यामुळे दुसऱ्या कडव्याला एकदा तरी टक्कर होतेच: आमचा टाळ खाली येतो तेव्हा त्यांचा वर असतो, मधल्या मध्ये पखवाजवाला अडकतो आणि कपाळावरचा घाम पुसत दोन्हीकडे बघतो. मग कुणीतरी गजर धरतं, गाडी रुळावर येते.

अशाच एका जागराला बाराच्या सुमाराला चहाची किटली फिरली. त्यांच्या बुवांनी बशीत चहा ओतत शांतपणे सांगितलं, “तुमच्याकडं आवाज लय चांगले हायत. पर चाल बिघडवली तुमच्या म्हाताऱ्यानं.”

आमच्या बुवांनी कप खाली ठेवला. “बिघडवली नाई. आमच्या आज्यापासून हीच हाय. तुम्हीच वढ्यापलीकडं नेऊन वाकडी केली.”

“बरं मग, म्हणून दाखवा.”

“दाखवतो की. आप्पा, काळी पाच धरा.”

आप्पांनी भाता ओढला. त्या पट्टीत त्यांचा तो बंद पडलेला सूर दोनदा येतो.